वऱ्हाडचे डॉ. विजय भटकर व देवनागरीचा यांत्रिक संकेत

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हणतांच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें महानुभावांच्या पोथ्या, देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें व जुने शिलालेख उभे राहतात. प्रस्तुत टिपणाचा विषय याहून निराळा असला, तरी लेखसंग्राहकांस तो परका वाटूं नये.

डॉ. विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवीं झाला. अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं १९६५ सालीं नागपुरास घेतली. तेथील विश्वेश्वरय्या महाविद्यालय १९६० सालीं निघालें. अमरावतीचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचें. तेव्हां त्यांच्या विद्यार्थिदशेच्या आरंभीं अमरावतीस ही सोय नव्हती, हें केवळ सनावळीवरूनच सिद्ध होतें. पुढें बडोद्यास १९६८ सालीं उत्तरपदवी, १९७२ सालीं दिल्लीच्या आय. आय. टी. ची डॉक्टरेट, नंतर त्रिवेंद्रमास केल्ट्रॉनच्या संशोधनविभागाचें काम, असा क्रम आहे.

१९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें व त्याचीं सूत्रें भटकरांकडे आलीं. अमेरिकेकडून महासंगणक मिळविण्यांत अडथळे येत होते. केंद्रानें १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध केला. त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक लहान प्रक्रियक एकमेकांस जोडले होते. मोठी बखर अनेक लेखकांत पानें वांटून एकाच वेळीं उतरवून घ्यावी, तसाच हा प्रकार. हें यंत्र एकट्या भटकरांनीं घडविलें, असें लोक म्हणतात. तें आम्हांस ग्राह्य नाहीं. योजना व नेतृत्व त्यांचें, परंतु कृति मोठ्या समूहाची. किल्ला बांधविणारा व बांधणारे यांत संशोधकानें भेद करावयास हवा.

हाच विवेक लिपिकार्यासही लावला पाहिजे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या 'जिस्ट' तंत्राचा उगम कानपूरच्या आय. आय. टी. त झाला, सी-डॅकनें त्यास आश्रय देऊन तें वाढविलें. १९९१ सालीं प्रमाण ठरलेल्या 'इस्की' संकेताचें तत्त्व लिपिशास्त्रज्ञांस आनंद देईल: ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत समान अक्षरास समान स्थान. या संकेताच्या १९८८ सालच्या आराखड्यावरूनच युनिकोडांतील देवनागरीची मांडणी घेतली आहे. मोडीस मात्र युनिकोडांत स्थान मिळावयास २०१४ साल उजाडलें.

येथेंच आमच्या मुख्य मुद्द्याची निकड आहे. मोडी वाचणारे विरळ झाले, तेव्हां दप्तरें शाबूत असूनही मुकीं झालीं. तीच गत यंत्रांतील मजकुराची होऊं शकते. संगणकाच्या पहिल्या काळांत पुष्कळ मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांच्या खासगी संकेतांत साठविला गेला. तो टंक हरवला कीं पडद्यावर निरर्थक चिन्हें उमटतात. कागदास कसर लागते ती दिसते; संकेताची कसर दिसत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी: आपल्या जुन्या याद्या व नकला युनिकोडांत उतरवून घ्याव्या, मूळ टंकाचें नांव व साल त्यांजवर नोंदवावें, आणि मूळ कागदाचें छायाचित्र सोबत ठेवावें. भटकरांस १९९९-२००० चा महाराष्ट्रभूषण, २००० सालीं पद्मश्री व २०१५ सालीं पद्मभूषण हे मान मिळाले. त्यांची नोंद सरकारदरबारीं राहीलच. आपल्या दप्तरांची काळजी मात्र आपणच वाहिली पाहिजे.