कोंबडीचं आतडं आणि 'पी' नावाची पावडर

मागच्या पावसाळ्यात माझ्या ४० गावरान कोंबड्यांत रक्ती हगवण शिरली. लिटर ओलं राहिलं होतं, चूक माझीच. त्यावर दुसरी चूक केली. कुणीतरी सांगितलं म्हणून माणसांची जुलाब थांबवायची गोळी कुटून खाद्यात दिली. हगवण थांबली खरी, पण चौथ्या दिवसापर्यंत ९ कोंबड्या गेल्या. बारामतीच्या डॉक्टरांनी एक फाडून दाखवली. दोन्ही आंधळी आतडी रक्तानं तट्ट फुगलेली. म्हणाले, "घाण बाहेर पडायची वाट तुम्हीच बंद केली. ती गोळी आतड्याच्या नसांवर काम करते."

आतड्याला नसा? तेव्हापासून याच्यामागं लागलो.

१८४७ साली बर्लिनच्या रॉबर्ट रेमाकनं आतड्याच्या स्वतंत्र मज्जासंस्थेवर लिहिलं. कोंबडीच्या आतड्याला समांतर, खाली गुदद्वाराकडून वर लहान आतड्यापर्यंत एक नस जाते. तिला आजही रेमाकची नस म्हणतात. अशी नस गाई-म्हशीत नाही, माणसात नाही, फक्त पाखरांत आहे.

पण नस आतड्याला हलवते कशानं? १९३१ साली लंडनमध्ये स्वीडनचा उल्फ फॉन ऑयलर आणि इंग्रज जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क काढला. तो लावला की सशाचं आतडं आखडायचं. त्यांनी आधी ॲट्रोपीन देऊन पाहिलं. फवारणीचं विष चढल्यावर डॉक्टर टोचतात ना, तेच. त्यानं नसांचा तोवर माहीत असलेला निरोप्या, ॲसिटिलकोलीन, अडतो. तरी आतडं आखडलंच! म्हणजे निरोप्या दुसराच कुणीतरी होता. अर्काच्या पावडरीवरून नाव पडलं 'सब्स्टन्स पी'.

पुढं चाळीस वर्षं ती पावडर म्हणजे नेमकं काय ते कुणाला कळेना. अमेरिकेत सुझन लीमन गाईच्या मेंदूत भलतंच संप्रेरक शोधत होत्या. अर्क टोचला की उंदरांची लाळ गळायची. त्या लाळेचा माग काढत गेल्या आणि १९७१ पर्यंत उलगडा झाला: ११ अमिनो आम्लांची साखळी. म्हणजे छोटंसं प्रथिनच, पेप्टाइड.

कोंबडीची पाळी १९८८ ला आली. तिच्या लहान आतड्यातून हेच पेप्टाइड वेगळं काढलं, फरक फक्त एका मण्याचा. तिसऱ्या जागी लायसीनऐवजी आर्जिनीन. खाद्याच्या पोत्यावर आपण वाचतो तेच लायसीन. त्याआधी १९७० च्या दशकात जपानी संशोधकांनी कोंबडीच्या गुदाशयावर काम केलं होतं. ॲट्रोपीन असतानाही नसेच्या इशाऱ्यावर ते आखडत होतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. कोंबडीचं आतडं उलटंही चालतं. लघवी खालून मागं ढकलून आंधळ्या आतड्यांपर्यंत नेतं आणि तिथं त्यातलं पाणी परत शोषून घेतं. आमच्या इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो, तिथं ही कोंबडी आपल्यापेक्षा हुशार. आणि रक्ती हगवणीचा एक मोठा जंतू नेमका त्याच आंधळ्या आतड्यांत घर करतो. मी गोळी देऊन त्याला आत कोंडला होता.

डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं. आणखी ३ गेल्या, २८ वाचल्या. आता लिटर रोज सकाळी हलवतो, ओला भाग काढून उकिरड्यावर टाकतो. त्या गोळ्यांची उरलेली पाकिटं घरात अजून आहेत, पण कपाटात, माणसांच्या औषधांत.