जुनी चाळ : डागडुजी कीं नवी बांधणी?

घर जुनें झालें म्हणजे तें दुरुस्त करावें कीं पाडून नव्यानें बांधावें, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याच्या अंदाजाचा वाटतो. दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे आणि लहान असेल तो पत्करावा, एवढीच त्याची व्याप्ति दिसते. परंतु मुंबईच्या जुन्या चाळींचा इतिहास पाहिला असतां असें आढळून येतें कीं, खर्च कोणाच्या खिशांतून जावयाचा, यावरच या आंकड्यांचा लहानमोठेपणा ठरत आला आहे.

गिरगांव, परळ, लालबाग या भागांतील पुष्कळशा चाळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उभ्या राहिल्या. सागवानी खांब व तुळया, त्यांमध्यें विटांची भरणी, चुन्याचा गिलावा आणि वर मंगळुरी कौलें, अशी त्यांतील अनेकांची रचना. अशा घराचा खरा शत्रु म्हणजे पाणी. मोरीचें पाणी भिंतींत मुरलें कीं तुळईचें आंत गेलेलें टोंक कुजूं लागतें, आणि बाहेरून तें दिसत नाहीं. वेळींच कौलें चाळलीं आणि मोरीची गळती बंद केली तर खर्च अल्प. हयगय झाली तर तुळई बदलावी लागते. आणखी हयगय झाली तर टेकू देण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. दुरुस्तीचा खर्च हा बहुतांशीं विलंबाचा खर्च असतो.

हा विलंब घडला कसा? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें प्रमाण धरलें. जागेची टंचाई इतकी होती कीं भाडेकरूस हें संरक्षण अवश्यच होतें. परंतु लांकूड, चुना आणि मजुरी यांचे भाव १९४० सालीं थांबून राहिले नाहींत. आठ रुपये मासिक भाड्याच्या खोलीमागें वर्षाला ९६ रुपये हातीं यावयाचे. त्यांतून सागवानी तुळई कशी घ्यावयाची? डागडुजी मालकास तोट्याची ठरली. नवी बांधणीहि त्यास साधेना, कारण खोल्या भाडेकरूंच्या ताब्यांत होत्या. म्हणून पुष्कळांनीं तिसराच मार्ग धरला : कांहींच करावयाचें नाहीं. पुढें २००० सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली; परंतु आठ रुपयांवर ही वाढ बत्तीस पैशांचीच होते.

पावसाळ्यांत इमारती कोसळूं लागल्या, माणसें दगावूं लागलीं. तेव्हां १९६९ सालीं सरकारनें कायदा करून दुरुस्तीचें काम एका मंडळाकडे सोंपविलें आणि त्यासाठीं उपकर बसविला. त्या वेळीं १९,६४२ इमारती या योजनेच्या कक्षेंत आल्या. त्यांपैकीं १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या, म्हणजे ज्या तारखेस भाडीं गोठलीं त्याच तारखेच्या आधींच्या होत्या. पुढें हें काम म्हाडाकडे आलें. १९७६ च्या म्हाडा कायद्यांत दुरुस्तीस प्रथम दर चौरस मीटरला १२० रुपयांची मर्यादा होती. खर्च त्यापलीकडे जात असेल तर वरचा भार भाडेकरूंनीं सोसावा, नाहीं तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरावी, असा हा दंडक. महागाईमुळें ही मर्यादा पुनःपुन्हां वाढवावी लागली. घर जगावें कीं पडावें, हें तुळई किती कुजली यापेक्षां सिमेंटच्या भावावर अवलंबून राहूं लागलें.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें अशा इमारतींच्या पुनर्बांधणीसाठीं वाढीव चटईक्षेत्र दिलें, आणि पारडें एकदम फिरलें. जादा सदनिका विकून विकासकानें खर्च भागवावा आणि जुन्या भाडेकरूस नवें घर विनामूल्य मिळावें, अशी ही योजना. दुरुस्तीस पैसे लागतात आणि नवें घर फुकट मिळतें, असा हिशेब समोर आल्यावर डागडुजीचा पक्ष कोण घेणार? परंतु फुकट वाटणाऱ्या घराचीहि किंमत असते. नव्या इमारतींत लिफ्ट, पंप व पहारा यांचा मासिक खर्च येतो. त्याच गल्लींतील नळ व गटारें यांवर अधिक बिऱ्हाडांचा भार पडतो. शिवाय बांधणी रखडली तर संक्रमण शिबिरांत वर्षें जातात. कित्येक कुटुंबांचीं तेथें दशकें गेलीं.

सारांश, डागडुजी स्वस्त कीं नवी बांधणी, याला एकच उत्तर नाहीं. खांब आणि पाया शाबूत असतां वेळींच केलेली दुरुस्ती स्वस्त; ते खचल्यावर केलेली दुरुस्ती ही टेकूवरची उधळपट्टी, आणि तेथें माणसांचे जीव धोक्यांत ठेवण्यापेक्षां नवें बांधणेंच इष्ट. मात्र दोन अंदाज शेजारीं मांडतांना विटा, लांकूड आणि मजुरी यांखालीं आणखी एक रकाना हवा : नवें घर हातीं येईपर्यंत राहावयाचें कोठें, आणि किती वर्षें. मुंबईंत हा रकाना भाडेकरूंनीं भरला. अंदाजपत्रकांत तो क्वचितच आढळला.