रिक्षा जपानी आहे, बरं का!

मंडळी, क्लोजिंगच्या धांदलीतून एक रविवार मिळाला म्हणून आसाकुसाला गेलो होतो. तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या, माणसाने ओढायच्या रिक्षा असतात ना, त्यावरची पाटी माझ्या पहिलीतल्या लेकीने मोठ्याने वाचली : "हितो, चिकारा, कुरुमा." माणूस, ताकद, गाडी. तिन्ही कांजी पहिलीच्याच! ओढणारा दादा हसून म्हणाला, एकत्र वाचायचं तर "जिनरिकिशा".

आणि माझी ट्यूब पेटली. आपली रिक्षा!

मी तर शाळेत असल्यापासून धरून चालले होते, की 'क्ष' आहे म्हणजे भिक्षा, दीक्षा यांच्याच घरातला शब्द. तुम्हालाही असंच वाटत होतं का?

ही गाडी मेइजी काळातली. १८७० मध्ये टोकियोच्या सरकारने तिघा जणांना ती बनवायचा नि चालवायचा परवाना दिला, आणि दोनच वर्षांत शहरात सुमारे ४०,००० रिक्षा झाल्या. (ही ग्रोथ कुठल्या क्लायंटने दाखवली असती तर मी व्हाउचर्स मागितली असती.) मेणे, पालख्या बघता बघता मागे पडल्या. १८८० च्या सुमारास ती सिमल्यात पोचली. साहेबाच्या जिभेला 'जिनरिकिशा' जड गेलं असणार, इंग्रजीत शब्द झिजून 'रिक्शॉ' झाला आणि आपण त्याला 'क्ष' चढवून घरचं केलं.

पण झिजताना गळलं काय, तर नेमका 'जिन'. माणूसच गेला, उरली ताकद आणि गाडी. हिशेबात एक एंट्री सुटावी तसं!

माथेरानला मात्र ती एंट्री कालपरवापर्यंत चालूच होती. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे चढावर माणूसच माणसाला ओढायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सहा महिन्यांत हे बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. लहानपणी मीही त्या हातरिक्षेत बसले आहे, मजेत, पाय हलवत. ओढणाऱ्याचा चेहरा आठवत नाही, पाठ तेवढी आठवते.

लेकीला शब्दाची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "आई, आजीकडची रिक्षा तर गॅसवर चालते. मग 'जिन' कशाला हवा?" बरोबर आहे तिचं. माथेरानचं अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत भारतात जाणार आहोत, तेव्हा तिथेच नेऊन सांगेन.