हौदा आणि रंगपीठ

शहराची पारख त्यांतील वाड्यांवरून आणि देवळांवरून करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची नाहीं. पण अपुरी आहे. लोक केवळ आपल्या हौसेसाठीं, कोणी बोलावल्यावांचून, ज्या जागीं हजारोंनीं जमतात ती जागा पाहिल्याखेरीज शहराचें अंतरंग कळत नाहीं. कोल्हापुरांत अशी एक जोडजागा आहे. एका अंगास खासबागेचें कुस्तीचें मैदान, आणि त्याला पाठ लावून उभें राहिलेलें पॅलेस थिएटर, ज्यास पुढें संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं या नाट्यगृहास आग लागून त्याचा बहुतेक भाग भस्मसात् झाला. जळलेल्या वास्तूबद्दल हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ती कोणत्या विचारांतून उभी राहिली होती, हें आठवणें अधिक अगत्याचें आहे.

श्रीशाहू छत्रपति १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागाराचे अवशेष त्यांनीं पाहिले, आणि आपल्या राजधानींत तसें कांहीं असावें ही कल्पना त्यांच्या मनांत रुजली. १९०७ च्या सुमारास काम सुरू झालें व १९१२ सालीं मैदान तयार झालें. पहिल्या मोठ्या लढतीस पंजाबचा इमामबक्ष, म्हणजे सुप्रसिद्ध गामाचा भाऊ, आणि गुलाम मोहिद्दीन हे मल्ल उतरले होते.

महाराज स्वतः तालमींत घाम गाळलेले होते. त्यामुळें कुस्तीच्या प्रेक्षकाची अडचण त्यांस कोणी समजावून सांगावयास नको होती. सपाट माळावरच्या फडांत पुढचे उभे राहिले कीं मागच्यांस फक्त पाठी दिसतात. खासबागेंत मध्यभागीं तांबड्या मातीचा हौदा आणि सभोंवार चढत गेलेली जमीन अशी रचना आहे. त्यामुळें अगदीं शेवटच्या रांगेंत मातीवर बसलेल्या शेतकऱ्यासहि पेंच दिसतो आणि चीतपट दिसते. रोमच्या त्या क्रीडागारांत माणसें आणि श्वापदें एकमेकांवर सोडून लोकांची करमणूक होत असे. महाराजांनीं तेथून आणली ती केवळ बसण्याची सोय. तेथला क्रूरपणा तेथेंच राहिला. परक्यांपासून काय घ्यावें आणि काय टाकावें, याचा एवढा सोपा धडा क्वचितच पाहावयास मिळतो.

मैदान झाल्यावर लगेच, १९१३ मध्यें, शेजारीं नाट्यगृहाचें काम निघालें आणि १९१५ सालीं तें पुरें झालें. तेथेंहि तीच दृष्टि दिसते. प्रेक्षागृहांत मध्यें खांब नाहींत. कोणाच्याहि नजरेच्या आड कांहीं येऊं नये हा हेतु. एका भिंतीच्या अलीकडे शड्डूचा आवाज आणि पलीकडे तंबोऱ्याचा, हा शेजार योगायोगाचा नव्हे. ज्या दरबारीं मल्लांस खुराक मिळे त्याच दरबारीं अल्लादियाखांसाहेबांसारख्या गवयास आश्रय होता. बालगंधर्वांच्या कानाचें दुखणें वाढलें तेव्हां मिरजेच्या इस्पितळांत त्यांच्यावर उपचार करविण्याची काळजीहि महाराजांनींच वाहिली.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. ज्या काळांत दुष्काळ आणि प्लेग यांनीं प्रजा गांजली होती, त्या काळांत कुस्ती-नाटकांवर पैसा खर्चणें हा राजविलास नव्हे काय ? केवळ मैदान पाहिलें तर आक्षेप खरा वाटेल. परंतु त्याच राजानें १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभारलीं. मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या सरकारी जागा राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम काढला. राधानगरीचें धरण हातीं घेतलें. आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. हा सर्व हिशेब एकत्र मांडला म्हणजे मैदान त्याच्याशीं विसंगत वाटत नाहीं. पोटाला अन्न, डोक्याला विद्या, आणि मनाला चार घटकांचा आनंद, यांपैकीं तिसरी गोष्ट फक्त श्रीमंतांची आहे असें मानण्यास तो राजा तयार नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

तरीहि एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. हौद्याभोंवतीं सारे मातीवर बसत. नाट्यगृहांत तिकिटाप्रमाणें माणूस पुढें किंवा मागें जाई. दोन्ही जागा एकाच मनांतून निघाल्या, पण समता जितकी मातीवर साधली तितकी खुर्च्यांवर साधली नाहीं.

केशवराव भोसले हे या भिंतीच्या दोन्ही बाजूंस शोभणारें नांव. ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरांत गरिबींत जन्मलेल्या या मुलानें १९०८ सालीं हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’ंत ते धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगपीठावर आले. ही एका परीनें कुस्तीच होती, पण अशी कीं जिच्यांत कोणी चीत झालें नाहीं. त्यानंतर तीन महिनेहि लोटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं ते वारले. पुढल्याच वर्षीं, ६ मे १९२२ रोजीं, महाराजहि गेले.

आग लागली ती केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं. नाट्यगृह होतें तसेंच पुन्हां उभारावें, अशी मागणी लागलीच झाली आणि ती रास्त आहे. पण ‘होतें तसें’ म्हणजे काय ? दगड तसेच बसवितां येतील, लाकूडकामहि तसेंच घडवितां येईल. परंतु शेवटच्या रांगेंतल्या माणसास दिसतें कीं नाहीं, हें स्वतः मागें जाऊन पाहणारा डोळा कोणत्याहि कंत्राटांत लिहून मिळत नाहीं. तो डोळा ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं बांधलेलें घर नवें असलें तरी महाराजांचेंच होईल. आणि तो नसेल तर हुबेहूब नक्कलहि परकीच ठरेल.