एक की दोन? वायूंच्या नावांचा इतिहास

आदिलाबादच्या थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली, की घरातले वडीलधारे म्हणतात, “कर्बवायू होईल, खिडकी उघडा.” सल्ला योग्य, पण शब्द अपुरा. कर्ब आणि प्राणवायू यांचे वायू दोन. एक आपण उच्छ्वासातून सोडतो, दुसरा रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

1787 मध्ये पॅरिसला लाव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी ठरवले, की पदार्थाच्या नावातच त्याचे घटक दिसावेत. 1800 मध्ये क्रुइकशँक याने दुसरा, विषारी वायूही कर्ब आणि प्राणवायूचाच असल्याचे ओळखले. मग घटक सांगून भागेना, संख्या सांगणे आले. डाल्टनच्या अणुवादाने त्या संख्येला अर्थ दिला.

नियम सोपा आहे. दोन्ही मूलद्रव्ये अधातू असली, की पहिल्याचे नाव तसेच, दुसऱ्याच्या शेवटी ‘आइड’ आणि मागे अणूंची संख्या: मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा. पहिल्याचा अणू एकच असेल तर ‘मोनो’ गाळतात. चुनकळीत धातू आहे, म्हणून ते नुसते कॅल्शियम ऑक्साइड. आम्हा जैनांच्या घरी मुले जीवांचे प्रकार एकेंद्रिय, द्वींद्रिय, त्रींद्रिय असे मोजूनच शिकतात, त्यामुळे मला हे कधी परके वाटले नाही. ‘ट्राय’ आणि ‘त्रि’, ‘पेंटा’ आणि ‘पंच’ ही तर भाषेच्या नात्याने भावंडेच.

आपल्याकडे ‘कर्बद्विप्राणिद’ हे नाव होते. उच्चाराला जड, पण हिशेबाला चोख. पुढे नागपुरात आलेल्या डॉ. रघुवीरांनी कर्बाला प्रांगार, प्राणवायूला जारक म्हटले. ते काही रुजले नाही. 1961 मध्ये नेमलेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावेच ठेवावीत असे ठरवले. मला ते पटते. आपल्या घरांकडेच पाहा. आजोबांच्या काळी उच्च शिक्षण उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ 1918 चे. 1956 मध्ये किनवट, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण आंध्रात राहिलो. आता नातवंडांपुढे तेलुगू आणि इंग्रजी. तीन पिढ्यांना ‘कार्बन मोनॉक्साइड’ तरी एकच राहिले.

माझ्या कपाटातल्या ‘आर्सेनिकम आल्बम’च्या बाटलीवरचे नाव पांढरा रंग सांगते, अणू नाही. तो मूळचा सोमल, नियमाने डायआर्सेनिक ट्रायऑक्साइड.

शेगडीजवळ कुणाचे डोके जड झाले, मळमळ सुटली, तर ‘मोनो’ आठवा. त्या वायूला ना वास, ना रंग. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच ऑक्सिजन असलेल्या इस्पितळात न्या. माझ्याकडे आणू नका; त्या वेळी माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही.