वलंदाज

पेडण्याहून तेरेखोल नदी ओलांडून शिरोड्यामार्गे वेंगुर्ल्यात गेलं की डचांच्या पडक्या वखारीच्या भिंती दिसतात. तिथले लोक त्यांना डच कधी म्हणत होते? मराठीत ते वलंदाज. शब्द गोलंदाज, तिरंदाजाच्या पंगतीतला वाटतो, पण तो त्यांच्यातला नाही. त्या दोघांतलं ‘अंदाज’ फारसी, म्हणजे फेकणारा. हा मात्र पोर्तुगीजांच्या तोंडून आला. हॉलंडचा तो ‘ओलांदेश’, पहिला ‘ह’ मुका. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात ‘वलंदेज’ आहे. पुढे गोलंदाजाच्या वजनावर तो वलंदाज झाला असावा, असं मला वाटतं. पोर्तुगीजांच्या ‘इंग्लेश’चा इंग्रज झाला तोही याच वाटेनं.

म्हणजे डचांचं नाव आपण त्यांच्या वैऱ्याकडून घेतलं! डचांचा बटाव्हियातला गव्हर्नर जनरल व्हान डीमन पोर्तुगीजांच्या गोव्याच्या नाकाबंदीसाठी वर्षानुवर्षं गलबतं धाडत होता. त्यानंच १६४२ मध्ये आबेल तास्मानला दक्षिणेच्या अनोळखी समुद्रात पाठवलं. तास्माननं सापडलेल्या किनाऱ्याचा नकाशा काढला आणि त्याला धन्याचंच नाव दिलं. आज तो भाग टास्मानिया म्हणून ओळखला जातो, धन्याचं नाव पुसून.