होशरुबाचा पाचवा खंड

माझा एक जुना विद्यार्थी सध्या रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही इंग्रजी मालिका वाचतो आहे. चौदा जाडजूड खंड. दहाव्यात येऊन तो अडकला. "सर, कथा जागची हलतच नाही. नवव्याच्या शेवटी एक मोठी गोष्ट घडते आणि दहाव्यात सगळे जण नुसते त्याबद्दल बोलत बसतात." हा दहावा खंड २००३ साली आला तेव्हा दोन वर्षं वाट पाहिलेल्या वाचकांनी हीच ओरड केली होती. पुढे २००७ मध्ये जॉर्डन वारले आणि ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहून मालिका संपवली. जॉर्ज मार्टिन यांच्या वाचकांचं दुखणं आणखी वेगळं. २०११ नंतर त्यांच्या मालिकेचा पुढचा खंडच आलेला नाही.

त्याला मी म्हटलं, बेटा, तुझ्या या दहाव्या खंडाचा एक थोरला भाऊ आपल्या उर्दूत आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पाचवा खंड.

मराठी वाचकांना 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' माहीत असतात, हातिमताई माहीत असतो. होशरुबाचं नाव मात्र आपल्या उर्दू शाळांतून शिकलेल्यांनीही बहुतेक फक्त ऐकलेलं असतं. म्हणून थोडं मागून सांगतो.

ही सगळी दास्तान अमीर हमजाची. इतिहासातले हजरत हमजा (रजि.) हे प्रेषितांचे चुलते, इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झालेले. दास्तानीतला अमीर हमजा त्यांचं नाव आणि त्यांचा शेवट तेवढा घेतो. मधलं सगळं आयुष्य कल्पनेतलं. नौशेरवानचा दरबार, परींचा मुलूख काफ, देव, जादूगार, आणि सोबतीला जगातला सर्वांत चलाख ऐयार अमर, ज्याच्या झंबील नावाच्या थैलीत अख्खी दुनिया मावते. काही बुजुर्गांना एका सहाबींच्या नावावर हे सारं रचणं पटत नाही आणि त्यांची नाराजी मला समजते. पण ही कथा इराणातून हिंदुस्थानात आली आणि इथे रुजली हे खरं. अकबराला तिचं इतकं वेड होतं की त्याने सुमारे पंधरा वर्षं खपून हमजानाम्याची चौदाशे चित्रं करून घेतली.

उर्दूत ती आधी आटोपशीरच आली. १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान अश्क यांनी ती लिहिली. १८७१ मध्ये लखनौच्या नवल किशोर प्रेसने अब्दुल्ला बिलग्रामी यांची आवृत्ती काढली: जन्मापासून उहुदपर्यंत सारी कथा, एका खंडात. हे लक्षात ठेवा. कारण याच प्रेसने १८८३ पासून तीच दास्तान पुन्हा छापायला घेतली आणि ती १९१७ पर्यंत छापली जात राहिली. खंड झाले ४६. पानं चाळीस हजारांच्या वर.

एका खंडात मावणारी गोष्ट ४६ खंडांची कशी होते? मुन्शी नवल किशोर हे काही भोळे साहित्यप्रेमी नव्हते. १८५८ मध्ये त्यांनी प्रेस काढला आणि कुरआनपासून पुराणांच्या उर्दू भाषांतरांपर्यंत सगळं छापून विकलं. लखनौची नवाबी गेली होती, दास्तानगोंचे आश्रयदाते संपले होते, पण ऐकलेल्या दास्तानीची चटक लागलेला माणूस बाजारात होता. नवल किशोरांनी दास्तानगोंनाच लेखक म्हणून कामाला लावलं. सांगितलं असं गेलं की हे अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी ग्रंथाचं भाषांतर आहे. फैजीचा असा ग्रंथच नाही. होशरुबा ही लखनौच्या दास्तानगोंची स्वतःची निर्मिती. जुन्या कुळाचा शिक्का मारला की माल खपतो, एवढाच त्या फैजीचा उपयोग.

पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, १८८३ ते १८९० या काळात. ते मी पुनःपुन्हा वाचतो. होशरुबा हा जादूने बांधलेला मुलूख. त्याचे तीन भाग, जाहिर, बातिन आणि जुल्मात. मधून रक्ताची नदी वाहते, तिच्यावर परीजादांचा पूल. बादशहा अफरासियाब, ज्याच्याकडे सगळं सांगणारी सामरीची किताब आहे. स्वतःला खुदा म्हणवणाऱ्या लकाचा पाठलाग करत हमजा या मुलखाच्या सीमेवर येतो, आणि तिलिस्म फोडायला त्याचा नातू असद पाच ऐयारांसह आत शिरतो. त्यांतल्या एकाचं नाव बर्क फिरंगी. कंपनी सरकारने अवध गिळल्यावर सांगितल्या जाणाऱ्या दास्तानीत हमजाच्या बाजूने एक फिरंगी लढतो, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

असद लवकरच अडकतो. मग खरी लढाई चालवतात ऐयार आणि अफरासियाबला सोडून आलेल्या जादूगारणी. महरुख फौज सांभाळते. बहार फुलांचा गुच्छ फेकते, वसंत फुटतो, आणि शत्रूचे सैनिक तिच्या इश्कात वेडे होऊन आपलीच माणसं कापतात. जाह यांची भाषा अशा जागी नुसती खुलते. रूप जादूनगरीचं, पण बाजार, पक्वान्नं, कपडे, बेगमांची बोली सगळी लखनौची. राही मासूम रजा यांनी अलीगढला होशरुबातल्या हिंदुस्थानी संस्कृतीवरच प्रबंध लिहिला.

आता खोट सांगतो. या कथेचं एक चाक आहे. अफरासियाब एक जादूगार पाठवतो. तो महरुखच्या फौजेची दाणादाण उडवतो. कुणीतरी ऐयार गायिकेचं, दासीचं, म्हाताऱ्याचं सोंग घेऊन त्याच्या तंबूत जातो, बेहोशीची दारू पाजतो आणि गळा कापतो. अंधार होतो, वादळ सुटतं, आणि मेलेल्याचा आवाज येतो की मला मारलं, माझं नाव अमुक होतं. मग अफरासियाब दुसरा जादूगार पाठवतो. आणि शेवट तर पहिल्या दिवसापासून ठरलेला! तिलिस्म फोडणारा असदच, हे लिहिलेलंच आहे. हमजाचा शेवट उहुदवर, हेही सगळ्यांना माहीत. दोन्ही टोकं पक्की, मधला भाग रबरासारखा. जाह यांच्या चार खंडांत हे चाक फिरतं तेव्हा दर वेळी सोंग नवं असतं, विनोद नवा असतो, म्हणून ते जाणवत नाही.

चौथ्या खंडानंतर जाह आणि प्रेस यांचं फाटलं. पुढचं काम अहमद हुसैन कमर यांच्याकडे गेलं. जाह यांनी आपला वेगळा पाचवा खंड दुसऱ्या प्रकाशकाकडून काढायला घेतला, पण तो पहिल्या भागापलीकडे गेला नाही. कमर यांचा पाचवाच दोन भागांत आला, मग सहावा, मग सातवा. १८९३ मध्ये होशरुबा संपली. एकूण सुमारे आठ हजार पानं.

पाचव्यात शिरताच चाकाचा आवाज ऐकू येऊ लागतो. कमर यांचा जीव रज्ममध्ये, म्हणजे लढाईत. फौजा येतात, उतरतात, नगारे वाजतात, जादूचे गोळे सुटतात. नवं पात्र येतं त्याच्या जादूचा दर्जा आधीच्यापेक्षा वर असतो, मग त्याच्याहून वरचा येतो. अधूनमधून लेखक स्वतःची तारीफ करून घेतात आणि जाह यांना टोला हाणतात. मधेच एखादा प्रसंग असा उतरतो की वाटतं, या माणसाच्या हातात कला होती. पण त्या प्रसंगापर्यंत पोचायला शे-दीडशे पानं तुडवावी लागतात. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे नमन संपल्यावरही तेल ओतणं चालूच.

या तक्रारीला शम्सुर्रहमान फारूकी यांचं उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. फारूकींनी अनेक वर्षं खपून हे ४६ खंड गोळा केले, वाचले, आणि त्यांवर १९९९ पासून 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' हा ग्रंथ खंडाखंडाने लिहिला. त्यांचं म्हणणं, दास्तान ही कादंबरी नव्हे, कादंबरीचा गज लावून तिला मोजू नका. ती ऐकण्याची चीज आहे. पुनरुक्ती हा तिचा दोष नाही, तिचा श्वास आहे. आणि दास्तान 'रोकणं', कथा जागच्या जागी धरून ठेवणं, हे तर दास्तानगोचं कसब. लखनौच्या एका दास्तानगोबद्दल सांगतात की आशिक आणि माशूक यांच्यामध्ये फक्त एक पडदा उरला होता, आणि त्याने तो पडदा कित्येक रात्री उचलूच दिला नाही. ऐकणारे रोज येत राहिले.

फारूकींपुढे माझी काय बिशाद. तरी एवढं म्हणतोच की तो पडदा मैफलीत होता. दास्तानगो समोरच्यांचे चेहरे बघत होता. कुणी जांभई दिली की बहारला बोलावता येत होतं, कुणी पुढे सरकलं की पडदा आणखी एक रात्र लांबवता येत होता. पाचवा खंड विकत घेणाऱ्याचा चेहरा कमर यांना दिसत नव्हता. त्यांना प्रेस दिसत होता, आणि प्रेसला वहीतला जमाखर्च. ऐकणाऱ्यासाठी जे रोकणं होतं तेच छापल्यावर पाणी घालणं झालं. कला तीच, पण समोरचा माणूस काढून घेतला. मैफलीत कंटाळलेला माणूस घरी जातो आणि उद्या येतो. पुस्तक विकत घेतलेला माणूस पैसे देऊन बसलेला असतो.

प्रेसचं चाकही थांबेना. तिलिस्म फुटला, अफरासियाब मेला, तरी कमर यांनी 'बकिया-ए-तिलिस्म-ए-होशरुबा' काढली. म्हणजे उरलेली होशरुबा! हमजाच्या शहादतीचा 'लालनामा' छापून झाला, तरी 'आफताब-ए-शुजाअत' आणि 'गुलिस्तान-ए-बाख्तर' हे मोठाले संच येतच राहिले. स्वतः नवल किशोर १८९५ मध्ये वारले. त्यानंतरही वीसेक वर्षं.

शेजारी हिंदीत देवकीनंदन खत्रींनी ऐयार आणि तिलिस्म हेच सामान उचलून 'चंद्रकांता' लिहिली, ती आटोपशीर. तिला लोकांनी डोक्यावर घेतलं, मग 'चंद्रकांता संतति'चे २४ भाग, मग 'भूतनाथ', आणि तो अर्धा असतानाच १९१३ मध्ये खत्री गेले. पुढचं मुलाने, दुर्गाप्रसाद यांनी, पूर्ण केलं. लोकप्रियता कथेला कशी फुगवते ते बघायला इंग्लंड-अमेरिकेला जायची गरज नाही.

या फुगवट्याची किंमत उर्दूने मोजली. सुधारणावादी मंडळी दास्तानीवर आधीपासून खार खाऊन होती. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह'मध्ये बाप मुलाची किस्से-मसनव्यांची पुस्तकं जाळतो, ती कादंबरी होशरुबाच्या आधीची. दास्तान म्हणजे अफू, रिकामटेकड्यांचा उद्योग, असं ते म्हणत होतेच. शेवटच्या वीस-तीस खंडांनी त्यांच्या हाती पुरावा दिला. कंटाळा खरा होता, पण त्या कंटाळ्यात जाह यांचे चार खंडही वाहून गेले. संपूर्ण संच एका जागी मिळणं मुश्कील झालं. तेराव्या वर्षी गोरखपूरच्या पुस्तकाच्या दुकानात बसून होशरुबाचे भाग वाचणारा एक मुलगा पुढे प्रेमचंद झाला, आणि आज उर्दू माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला अफरासियाब कोण ते ठाऊक नसतं.

म्हणून अदबीच्या नावाखाली 'सगळंच महान' म्हणणारे मला सुधारकांइतकेच नडतात. मुलाला पाचवा खंड हातात देऊन 'हा आपला वारसा' म्हटलं की तो पहिलाही उघडणार नाही. २००५ मध्ये महमूद फारूकी यांनी फारूकीसाहेबांच्याच मार्गदर्शनाखाली दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली तेव्हा त्यांनी बरोबर उलटं केलं. एक प्रसंग उचलायचा, तास-दीड तास सांगायचा, उठायचं. सभागृहात चेहरे दिसतात, म्हणून रोकणं पुन्हा रोकणं होतं.

वाचायचंच असेल तर जाह यांच्यापासून सुरू करा आणि चौथ्या खंडापर्यंत एक ओळ सोडू नका. पाचव्यापासून रोज रात्री एकच प्रसंग, शक्यतो मोठ्याने, घरात कुणी ऐकणारं असेल तर उत्तम. फौजा उतरू लागल्या आणि नगारे वाजू लागले की बिनदिक्कत पानं उलटा. कमर यांना राग यायचं कारण नाही. तेही मूळचे दास्तानगोच, आणि दास्तानगोपुढे बसलेला माणूस मधेच पान लावायला उठायचाच.